कडा कातरलेलं रोमन नाणं : चांदीचं आहे का, आणि कोणाचं?

डोंबिवली_ते_इप्सविच

नमस्कार मंडळी. नाण्यांतलं मला काही कळत नाही, हे आधीच कबूल करते. आमच्या घरात जुनं नाणं म्हणजे देव्हाऱ्यातला आजीचा राणीछाप रुपया, तोही वर्षातून एकदा लक्ष्मीपूजनाला बाहेर येणारा.

इथे सफोकमध्ये आमच्या शेजारी एक आजोबा राहतात, वय ८४. घर विकून मुलीकडे जायचंय म्हणून आवराआवर चाललीय. गेली दोन वर्षं दर शनिवारी मी त्यांना पोहे नाहीतर उपमा नेऊन देते. त्याची परतफेड म्हणून की काय, परवा त्यांनी कापसात गुंडाळून काडेपेटीत ठेवलेलं एक नाणं माझ्या हातावर ठेवलं. "रोमन आहे. माझ्या वडिलांना शेतात सापडलं होतं." एवढंच बोलले आणि पुन्हा खोकी बांधायला लागले.

आता वर्णन. फोटो टाकायचा प्रयत्न केला, पण माझ्या फोनवर नुसता पांढरा ठिपका येतोय. आकार आपल्या स्टीलच्या दहा पैशांएवढा, म्हणजे साधारण १६ मिलिमीटर, पण गोल नाही. कडेने कुणीतरी कात्रीने कापल्यासारखं दिसतं, आठ-नऊ छोटे सरळ काप. पातळ, राखाडी. यीस्ट मोजायला घेतलेल्या छोट्या काट्यावर वजन १.३८ ग्रॅम.

एका बाजूला उजवीकडे बघणारा दाढी नसलेला माणूस. डोक्याला मोत्यांची दुहेरी माळ, मानेवर फितीची टोकं लोंबतायत. भोवतीची अक्षरं वरून कापली गेलीत. डावीकडे मला एम, ए, जी आणि मग एम, ए, ए असं दिसतं. उजवीकडे आय, एम, व्ही, एस, पी, एफ. दुसऱ्या बाजूला खुर्चीवर समोर तोंड करून बसलेली व्यक्ती, मान तिच्या उजवीकडे वळलेली, एका हातात चेंडू, दुसऱ्यात काठी. खाली टी, पी, पी, आणि अर्धा एस.

गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानात दाखवलं. त्या गृहस्थांनी दोन सेकंद बघितलं, "कापून वाट लावलीय, मोडीत घालायच्या लायकीचं" म्हणाले, आणि लगेच पाच पौंडही देऊ केले! मोडीला एवढी घाई कशाला, असा संशय आला म्हणून परत घेऊन आले.

तर प्रश्न असे : हे चांदीचं आहे का? कोणाचं आहे? कडा कापलीय म्हणजे खराब झालं का? आणि चिंचेने घासलं तर चालेल का?

उंटावरचा_शहाणा

एम ए... आय एम व्ही एस म्हणजे मॅक्सिमिआनुस. डोळे मिटून सांगतो. डायोक्लेशियनचा जोडीदार सम्राट, २८६ ते ३०५. त्यांनी २९४ च्या सुमारास चांदीचं नवीन नाणं काढलं, अर्जेंटिअस. रोमन पौंडाला ९६, म्हणजे एकेक ३.४ ग्रॅमच्या आसपास. तुमचं १.३८ भरतंय, निम्म्याहून कमी. कडा कापली म्हटलं तरी इतकं कसं घटेल? मला तरी नकली वाटतं. माझ्याकडे मॅक्सिमिआनुसचं एक आहे, छान गोल आहे.

चिंचेने घासा, नकलीच आहे.

सराफकट्टा_कोल्हापूर

ताई, चिंच लांब ठेवा. पितांबरी, टूथपेस्ट, रांगोळी, सगळं लांब. त्या राखाडी थराला सोळाशे वर्षं लागली आहेत, तुम्ही पाच मिनिटांत घालवाल. आणि आणखी एक, ओट्यावर टाकून वाजवून बघू नका. नाणं खणखणीत आहे का ते वाजवून बघायचं, हे आपल्या हाडात मुरलंय. माझे आजोबा रुपया अंगठ्यावर उडवून कानाशी धरायचे. पण इतकी जुनी चांदी जमिनीत राहून आतून ठिसूळ होते, कण सुटे होतात. वरून धड दिसतं आणि आपटलं की बिस्किटासारखं दुभंगतं.

शहाणे साहेब, रागावू नका, पण डोळे मिटलेत म्हणूनच चुकलात. तुमच्या अर्जेंटिअसवर सम्राटाच्या डोक्यावर पानांची माळ असते, मागे फिती बांधलेली. मोत्यांचा पट्टा हा नंतरच्या सम्राट काँस्टंटाइनच्या उतारवयातला प्रकार, ३२५ च्या आसपासपासूनचा. म्हणजे मोती दिसले की डायोक्लेशियनची सगळी मंडळी बाद. मागची बाजूही जुळत नाही : अर्जेंटिअसवर बहुतेक वेळा चार सम्राट छावणीच्या तटासमोर होम केल्यासारखे उभे असतात. इथे बसलेली एक बाई आहे. ती रोमा, म्हणजे रोम नगरीच देवीच्या रूपात. आणि ताईंना 'पी एफ' दिसतंय. ते पिउस फेलिक्स, धर्मनिष्ठ आणि भाग्यवान. नावाच्या सुरुवातीला 'डी एन', म्हणजे दोमिनुस नोस्तेर, आमचे स्वामी, आणि शेवटी पी एफ आणि ऑगुस्तुस : हा चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातला नेहमीचा साचा. ताईंच्या नाण्यावर डी एन दिसत नसेल तर तो कापल्या गेलेल्या भागात असेल, डावीकडे अगदी खाली, खांद्याजवळ बघा.

आता गंमत त्या अक्षरांची. पुढच्या बाजूला अक्षरांची डोकी बाहेरच्या कडेकडे असतात. कातर बसली की डोकं जातं, पाय राहतात. 'एक्स'चं डोकं उडवा, काय उरतं? उलटा व्ही. या नाण्यांवर ए सुद्धा पुष्कळदा आडव्या रेघेशिवायच काढतात, त्यामुळे तो हुबेहूब ए दिसतो. म्हणजे तुमचं 'एम ए ए' हे 'एम ए एक्स' आहे. त्याच्या आधी एम ए जी. जोडा : माग माक्सिमुस. माग्नुस मॅक्सिमुस, रोमन सम्राट, ३८३ ते ३८८.

खालच्या ओळीत उलटं होतं. तिथे अक्षरांचे पाय कडेकडे असतात, म्हणून पाय जातात. 'आर'चा तिरका पाय गेला की पी उरतो. टी पी पी एस नावाची टांकसाळ नव्हती. टी आर पी एस आहे ते. टी आर म्हणजे ट्रेव्हेरी, आजचं जर्मनीतलं ट्रिअर, मॅक्सिमुसची राजधानीच. पी एस म्हणजे पुसुलाटुम, आगीत शुद्ध केलेली चांदी. सोन्याच्या नाण्यावर त्याच जागी ओ बी येतं. ३६७-३६८ च्या सुमारास व्हॅलेंटिनियन आणि व्हॅलेन्स या सम्राटांनी धातूच्या शुद्धतेबाबत कडक धोरण घेतलं, तिथपासूनच्या या खुणा. टंच राजानेच नाण्यावर छापून टाकला म्हणा. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे वाचून बरं वाटतं.

मागे भोवती 'व्हिर्तुस रोमानोरुम', रोमनांचं शौर्य, असं असायला हवं. यू च्या जागी व्ही कोरतात, त्याने गोंधळू नका. ही मागची बाजू एकट्या मॅक्सिमुसची नाही. त्याचा मुलगा विक्तोर याच्या नाण्यांवरही हेच शब्द आहेत, पुढे युजीनियस, थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस या सम्राटांच्याही. पण युजीनियसच्या काळातल्या ट्रिअरच्या नाण्यांवर रोमा चिलखतावर डावीकडे तोंड करून बसते आणि तिच्या हातात चेंडू नव्हे, तर पंखांची छोटी विजयदेवी असते. समोर तोंड, सिंहासन आणि गोल, हे मॅक्सिमुसच्या ट्रिअरच्या नाण्यांचं नेहमीचं चित्र. तुमचं वर्णन तिथे चपखल बसतं.

या नाण्याला संग्राहक सिलिक्वा म्हणतात. त्या काळी लोक याच तुकड्याला खरंच हे नाव देत होते का, यावर वाद आहे, पण आता नाव रुळलंय. सिलिक्वा म्हणजे कॅरोब नावाच्या झाडाची शेंग. आपण सोनं गुंजेने तोलायचो, ते कॅरोबच्या बियांनी तोलायचे. रोमन पौंडाच्या १७२८ व्या भागाला सिलिक्वा म्हणत, आजच्या हिशोबाने ०.१९ ग्रॅम. सोन्याचा सॉलिडस पौंडाला ७२, म्हणजे साडेचार ग्रॅमचा, म्हणजेच २४ सिलिक्वांचा. ग्रीक भाषेत या बीचं नाव केरातिओन, त्यावरून कॅरट. आमच्या पाटीवर २४ कॅरट लिहिलेलं असतं त्याचं मूळ इतक्या लांब आहे, हे मला चाळिसाव्या वर्षी कळलं.

वजनाचं : मॅक्सिमुसची सिलिक्वा न कापलेली असेल तर दोन ग्रॅमच्या आसपास. तुमचं १.३८, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास गेलंय. पण नुसत्या वजनावरून कातर ओळखू नये. ३९५ नंतरची होनोरियसची मिलानची नाणी मुळातच हलकी आहेत. मी आधी कडेच्या मण्यांचं कडं बघतो. कडं आहे आणि वजन कमी, तर टांकसाळीतूनच हलकं आलंय. कडं गायब आणि अक्षरांची डोकी उडालेली, तर कातर.

तीन गोष्टी बघून सांगा. भिंगाखाली कापलेल्या कडेचा रंग मधल्या भागासारखाच आहे का? की तिथे पांढरी झाक चमकतेय? दुसरं, कडेने गोल फिरणारी शिवण दिसते का, साच्यात ओतल्यासारखी? आणि अक्षरांच्या मधल्या सपाट भागात टाचणीच्या टोकाएवढे खड्डे किंवा बुडबुडे आहेत का?

कसोटीवर घासायला किंवा ॲसिडचा थेंब टाकायला कुणाला देऊ नका. माझे हात शिवशिवतायत, पण तरीही नाही.

शेतातला_खड्डा

मी शेजारच्या नॉरफोकात राहतो, आठवड्याला एक दिवस धातुशोधक घेऊन नांगरटीत फिरतो. माझी बायको याला चिखल घरी आणायचा छंद म्हणते. सराफकाकांशी पूर्ण सहमत. दुकानदाराच्या "वाट लावलीय" बद्दल मात्र बोलायलाच हवं.

कातरलेली कड हा तुमच्या नाण्याचा दोष नाही, तो त्याचा पत्ता आहे. अशी कातरलेली सिलिक्वा प्रामुख्याने ब्रिटनमध्येच सापडते, युरोपातल्या मुख्य भूमीवर क्वचित. कारण पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमकडून ब्रिटनला चांदीची नाणी येणं थांबलं. सैन्य गेलं, पगार थांबले, ४१० च्या सुमारास राज्यही संपलं. नवीन नाणी येत नाहीत, व्यवहार तर चालू आहेत. मग आहे त्याच नाण्यांची कड कातरून घ्यायची आणि उरलेलं पुन्हा चालवायचं. चेहरा शक्यतो शाबूत ठेवायचा, कारण चेहरा आहे तोवर नाणं नाणं आहे. कातरलेल्या तुकड्यांच्या चांदीतून नकली सिलिक्वाही पाडल्या गेल्या, असं अभ्यासकांचं म्हणणं आहे.

तुमच्या सफोकातच हॉक्सन गाव आहे. नोव्हेंबर १९९२ मध्ये तिथल्या एका शेतकऱ्याचा हातोडा हरवला, म्हणून त्याने ओळखीच्या एरिक लॉझला धातुशोधक घेऊन बोलावलं. हातोड्याआधी सोन्या-चांदीचा साठा सापडला, जवळपास पंधरा हजार नाणी. लॉझने उकरत न बसता तिथेच थांबून कळवलं, त्यामुळे पुरातत्त्वाच्या लोकांना तो जागेवरच नीट उचलता आला. त्यातल्या बहुतेक सिलिक्वा कातरलेल्या आहेत. सगळ्यात उशिराची नाणी ४०७-४०८ ची. लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये बघायला मिळेल, तो हातोडासुद्धा त्यांच्याकडे आहे. तिथे एका राणीसारख्या बाईच्या आकाराची चांदीची मिरीदाणी ठेवलीय, तिच्यासमोर पाच मिनिटं थांबा. आत भरायची ती मिरी आपल्या मलबारची.

मॅक्सिमुसबद्दल एक ओळ. हा मूळचा हिस्पानियाचा, म्हणजे आजच्या स्पेनकडचा, पण त्याला सम्राट केलं ते ब्रिटनमधल्या फौजेने. तिथून गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे उतरला, पश्चिमेचा सम्राट ग्रेशियनला संपवलं, पाच वर्षं राज्य केलं आणि ३८८ मध्ये इटलीतल्या अक्विलेयाला पूर्वेचा सम्राट थिओडोसियसच्या हातून संपला. वेल्समध्ये तो आजही मॅक्सेन व्लेदिग म्हणून गोष्टींत जिवंत आहे.

कायद्याचं. इंग्लंडमध्ये १९९६ च्या ट्रेझर ॲक्टप्रमाणे एकाच ठिकाणी दोन किंवा अधिक सोन्याचांदीची, तीनशे वर्षांहून जुनी नाणी मिळाली तर ती 'ट्रेझर' ठरतात आणि कळवावीच लागतात. सुटं एक नाणं साधारणपणे त्यात येत नाही. तरी आजोबांना नीट विचारा : शेत कुठलं, साल कुठलं, एकच होतं का? आणि उत्तर कागदावर लिहून काडेपेटीतच ठेवा. सापडलेल्या जुन्या वस्तूंची नोंद ठेवणाऱ्या पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीमचे जिल्हावार अधिकारी असतात, ते फुकट नोंद करतात. सापडल्या जागेशिवाय नाणं म्हणजे गाव नसलेलं आडनाव. डोंबिवलीला घेऊन जायचा विचार असेल तर थांबा. इथल्या जमिनीतून निघालेल्या वस्तूंना निर्यात परवान्याचा नियम आहे, आधी त्याच अधिकाऱ्याला विचारा.

डोंबिवली_ते_इप्सविच

बाप रे, एवढं सगळं! काका, चिंच परत डब्यात गेली.

तपासून आले. मुलाच्या शाळेच्या किटमधलं भिंग होतं. कापलेल्या कडेचा रंग मधल्यासारखाच, राखाडी. एका कोपऱ्यात तर तपकिरी माती घट्ट बसलीय, कापाच्या वर. शिवण नाही. बुडबुडे नाहीत, उलट अक्षरांच्या बुडाशी बारीक बारीक ओरखडे कडेकडे पसरल्यासारखे दिसतात. डावीकडे खांद्याजवळ एन चे दोन पाय आहेत! डी मात्र गेला. मागच्या बाजूला 'आर टी व्ही एस', मग 'आर ओ' वाचता आलं. आणि खालचा पहिला पी, आता बघितल्यावर दुसऱ्या पी पेक्षा जरा वाकडा वाटतो. की मीच आता तसं बघतेय, देव जाणे.

आजोबांकडे गेले होते. आय नावाच्या गावाजवळचं शेत. (मी हे गावाचं नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुणीतरी आईला हाक मारतंय असंच वाटलं होतं.) बीट काढताना वडिलांना दिसलं, आजोबा तेव्हा दहा वर्षांचे होते. एकच होतं. वडील ते रविवारच्या कोटाच्या खिशात ठेवायचे. हॉक्सन तिथून अगदी जवळ आहे, हे मी त्यांना सांगितलं तर म्हणाले, "माहितीय, तो हातोडा सापडला तेव्हा आम्ही सगळे आपापली शेतं बघत होतो." सगळं लिहून काडेपेटीत ठेवलंय.

पण चांदीचं आहे हे घासल्याशिवाय कळणार कसं?

सराफकट्टा_कोल्हापूर

ते ओरखडे म्हणजे ठसा मारताना धातू बाहेरच्या दिशेने पळतो त्याच्या रेषा. ओतीव नाण्यात त्या अशा सहसा उमटत नाहीत. आणि कापावर बसलेली माती तर सोन्याहून मोलाची, ती खरवडू नका. म्हणजे काप मातीत जाण्याआधीचा आहे.

घासायचं नाही, पाण्यात तोलायचं. आधी कोरडं वजन. मग पाण्याचा छोटा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्य करायचा, नाणं बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात लोंबकळत धरायचं, बुडाला टेकू द्यायचं नाही, बुडबुडे झटकायचे. काटा जो आकडा दाखवेल तेवढं पाणी नाण्याने बाजूला सारलं. कोरड्या वजनाला त्याने भागा. शुद्ध चांदी १०.४९ देते. चांगली जुनी सिलिक्वा दहाच्या थोडी वर. शिसं असेल तर अकराच्या वर, पितळ किंवा जस्ताचा मिश्रधातू नऊच्या खाली.

फक्त तुमचा यीस्टचा काटा इथे चालणार नाही. तो ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवतो. ०.१३ आलं तर उत्तर १०.६, ०.१४ आलं तर ९.९. एका घराच्या फरकात चांदीची मिश्रधातू होते. मिलिग्रॅम दाखवणारा काटा हवा. जवळ एखादा दागिन्यांचा कारागीर असेल तर त्याच्याकडे असतो. नाणं त्याच्या हातात देऊ नका, दोरा तुम्ही धरा.

डोंबिवली_ते_इप्सविच

झालं. अंगठ्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईंकडे गेले, त्यांनी हसत हसत काटा दिला. दोरा मीच धरला, हात इतका थरथरला की चार वेळा करावं लागलं. कोरडं १.३८०. पाण्यात ०.१३३, ०.१३५, ०.१३४, ०.१३४.

सराफकट्टा_कोल्हापूर

१.३८० भागिले ०.१३४, १०.३. चांदी आहे ताई, आणि चांगल्या टंचाची. एकट्या या आकड्यावर मी पैज लावणार नाही, कारण चांदीचंच नकली नाणंही चांदीचाच आकडा देतं. पण ठशाच्या रेषा, कापावरची माती, आजोबांचं शेत आणि हा आकडा, चौघं एकच सांगतायत. माग्नुस मॅक्सिमुस, ट्रिअर, सिलिक्वा, ब्रिटनमध्ये कातरलेली. न कातरलेली याच प्रकारची नाणी बाजारात पुष्कळ आहेत. कुठल्या शेतातून आलं हे माहीत असलेली फार थोडी.

आमच्याकडे पूर्वी सराफ घासलेल्या रुपयाला बट्टा लावून घ्यायचे. तुमच्या दुकानदाराने पाच पौंडांत बट्टाच लावला होता, नाण्याला नव्हे, तुम्हाला.

उंटावरचा_शहाणा

ताई, चिंचेबद्दल माफी.

एक अडचण झालीय. काकांचं वाचून मी माझं 'मॅक्सिमिआनुस' पाकिटातून बाहेर काढलं. बारा वर्षांपूर्वी घेतलं तेव्हा पाकिटावर तसं लिहिलं होतं, मी कधी नाव तपासलंच नाही. वजन २.०४. डोक्यावर मोती. मागे सिंहासनावर बसलेली बाई, हातात चेंडू. खाली टी, आर, पी, एस, चारही अक्षरं पायांसकट.

सराफकट्टा_कोल्हापूर

उजेड एका बाजूने येऊ द्या, दोन्ही बाजूंचे फोटो टाका. आणि ते जुनं पाकीट फेकू नका, चूक कुणी लिहिली ते कळलं पाहिजे.